सतराव्या दिवसाचा सूर्य

सत्तावीस दिवसांचे सत्तावीस सूर्य नकाशांच्या खोलीतल्या लांब टेबलावर ओळीने मांडून झाले, तेव्हा दुर्बीणबाईंना महिन्याभरात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकावीशी वाटली. हे नाव मुलांनी ठेवलेलं. ते आपल्या कानावर आलेलं नाही असं त्या दाखवत, पण मनातून त्यांना ते आवडत असे.

सातवीला विज्ञान शिकवता शिकवता त्यांनी रोजचा हा अर्धा तास मुख्याध्यापिकांकडून अक्षरशः भांडून मिळवला होता. विभागीय विज्ञान केंद्राने एक लहान दुर्बीण महिन्यापुरती दिली होती आणि तिच्याबरोबर एक अट घातली होती. सूर्यावरच्या काळ्या डागांची सलग सत्तावीस दिवसांची नोंद पाठवा. सूर्याची स्वतःभोवतीची एक फेरी साधारण तेवढ्या दिवसांत पुरी होते. नोंद मान्य झाली तर मोठी दुर्बीण कायमची शाळेची, नाहीतर लहानही परत. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे शाळेतल्या सगळ्यांच्या मोठ्या बाईंनी, त्यावर आपली अट घातली होती. "दुर्बीण राहिली तर तास राहील. गेली, तर त्या वेळात गणिताचा सराव. सूर्य काही पळून जात नाही, पण परीक्षा येते."

त्यामुळे बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल खडूने लिहून ठेवलं होतं : 'एकही दिवस रिकामा नको.' मुलांनीही ते मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ज्यांची पाळी असे ती जोडी बरोबर सव्वादहाला हजर होई. दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कुणीही पाहायचं नाही, हा पहिला नियम. नळीतून येणारा उजेड मागे धरलेल्या फळकुटावरच्या कागदावर घ्यायचा, आधीच आखलेल्या वर्तुळात सूर्याची प्रतिमा नेमकी बसवायची आणि तिच्यावर दिसणारे डाग टोकदार पेन्सिलीने टिपायचे. खाली तारीख, वेळ, आकाशाची स्थिती आणि दोघांच्या सह्या.

पाठ टेकून झाल्यावर बाईंनी सगळ्यांना संगणकाभोवती बोलावलं. लाखो किलोमीटर दूर राहून रात्रंदिवस सूर्यावर नजर ठेवणाऱ्या एका अवकाशयानाने काढलेले त्याच महिन्याचे फोटो त्यांनी शोधून ठेवले होते. एकेका दिवसाचा फोटो पडद्यावर येई आणि मुलांचा कागद त्याच्या शेजारी धरला जाई. नवव्या दिवशी मुलांनी कडेजवळ एक तिळाएवढा ठिपका काढला होता; तो यानाच्या फोटोतही तिथेच निघाला, तेव्हा वर्गाने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन डोळे वटारून गेले.

सतराव्या दिवशी आरोळी उठली नाही.

फोटोत मोठ्या डागाच्या वरच्या बाजूला चार-पाच ठिपक्यांचा छोटा पुंजका होता. कागदावर तो नव्हता. अठराव्या दिवसाच्या फोटोत तो नाहीसाच झाला होता. एका दिवसात उमटून विरून जाणारे असे डाग असतात. पण सतराव्याला तो होता, आणि नवव्या दिवसाच्या तिळापेक्षा चांगला ठसठशीत होता. कागदाच्या तळाशी मात्र सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'वेळ १०.१५. आकाश निरभ्र.'

त्या दिवशी बाई शिक्षकांच्या सभेला बाहेर गेल्या होत्या. सह्या होत्या कंपास आणि रेडिओ यांच्या. हातानेसुद्धा बिनचूक वर्तुळ काढणारी म्हणून कंपास. आणि रेडिओ का, ते त्याने तोंड उघडलं की कुणालाही कळे.

मधल्या सुट्टीत बाईंनी दोघांना थांबवून घेतलं.

"सतराव्या दिवशी आकाश कसं होतं?"

"छान होतं बाई," रेडिओ म्हणाला. "म्हणजे ढग होते, पण पातळ. म्हणजे आधी जाड होते, मग पातळ झाले. आणि वारा होता, आणि तो पुंजका बहुतेक त्या वाऱ्यामुळे..."

"वाऱ्यामुळे सूर्यावरचे डाग उडाले?"

"तसं नाही..."

"गप रे," कंपास म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "बाई, सूर्य दिसलाच नाही. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. मग मी सोळाव्या दिवसाचा कागद घेतला, रोज डाग किती सरकतो ते मोजलं आणि तेवढा पुढे काढला. एक मिलिमीटरसुद्धा चुकलेला नाही. बघा तुम्ही."

आणि ते खरं होतं. मोठा डाग जिथे असायला हवा होता तिथेच होता. गणित बिनचूक होतं. फक्त त्या दिवशी सूर्यावर जे काही नवं घडलं होतं, ते गणितात नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?"

कंपासने फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बाईंनीही तिकडे पाहिलं आणि त्यांना आपलंच अक्षर परक्याचं असल्यासारखं वाटलं.

*

संध्याकाळी धाकटी बहीण ड्युटीवरून आली, तेव्हा बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो कागद समोर घेऊन बसल्या होत्या. बहीण इस्पितळात नर्स. दोघी एकाच घरात राहत आणि दिवसाकाठी एकदा तरी भांडत.

"काय गं ताई, सूर्याला ग्रहण लागलं की तुला?"

बाईंनी सगळं सांगितलं. बहिणीने चपला काढता काढता ऐकलं.

"इतकंच? केंद्रातले लोक काय सत्तावीस कागद फोटोंशी ताडून बघणार आहेत? पाठवून दे. पोरांचा तास वाचेल. इथे आमच्या वॉर्डात खाटा पुरत नाहीत आणि माणसं सूर्याकडे यानं धाडतायत, त्याचं आधी काहीतरी सांग मला."

"मागच्या वादळात तुम्ही तळमजल्यावरचे पेशंट दोन दिवस आधी वर हलवलेत. कुणाच्या सांगण्यावरून?"

"हवामान खात्याच्या."

"आणि खात्याला कुणी सांगितलं? कावळ्यानं?"

"बरं बाई, उपग्रहानं. जिंकलीस." बहीण हसली आणि समोर येऊन बसली. कागद हातात घेऊन तिने तो बराच वेळ पाहिला. मग हसू ओसरलं. "सुरेख काढलंय पण. फारच सुरेख. हेच वाईट असतं, ताई."

"म्हणजे?"

"आमच्याकडे एक नवी मुलगी होती. हुशार, कामाला वाघीण. एकदा तिच्याकडून दुपारचा ताप घ्यायचा राहिला. सकाळचा साधा, संध्याकाळचा साधा, म्हणून तिनं मधे साधाच भरून टाकला. आलेखाची रेघ अगदी सरळ. त्या माणसाला दुपारी ताप चढून गेला होता. डॉक्टर दोन दिवस भलताच आजार शोधत बसले. चौकट रिकामी असती, तर कुणीतरी विचारलं असतं ना, की इथे काय झालं?"

"मग त्या मुलीचं काय झालं?"

"वरिष्ठ बाईंनी तिला झापलं. आणि दुसऱ्या दिवशी एका नर्सकडे किती पेशंट द्यायचे ते कमी केलं." बहीण उठून चहाचं आधण ठेवू लागली. "झापणं सोपं होतं. दुसरं कुणी करत नाही."

*

सकाळी बाईंनी वर्गात आल्या आल्या ओला फडका घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यातली लाल ओळ पुसली. मग वर्गाला सरळ सांगितलं, की सतराव्या दिवशी ढग होते, त्या दिवसाचं चित्र अंदाजाने काढलेलं आहे आणि तसं ते पाठवता येणार नाही.

"मग दुर्बीण जाणार?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"बहुतेक."

वर्गात एकच गलका झाला. "एका ढगापायी?" "सुट्टीच्या दिवशीसुद्धा आलो आम्ही!" "हिला कुणी सांगितला होता शहाणपणा?" कंपास मान खाली घालून उभी राहिली. रेडिओ, ज्याच्याकडून कुणी ही अपेक्षा केली नव्हती, तोही तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

"सही माझीपण आहे," तो म्हणाला. एवढं बोलून तो थांबला. हेच त्याच्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण असावं.

"शहाणपणा मी सांगितला होता," बाई म्हणाल्या. "एकही दिवस रिकामा नको, हे माझं वाक्य. चुकीचं वाक्य होतं. मला दुर्बीण हवी होती आणि त्या हव्यासात मी तुम्हाला आकाशापेक्षा वहीची काळजी करायला शिकवलं. हिनं खोटं भरलं, ते हिनं दुरुस्त करायचं. पण ते भरायला लावणारी मी आहे, हेही तुम्हाला ठाऊक असू दे."

शिक्षकांना असं बोलताना मुलांनी पूर्वी ऐकलेलं नव्हतं. त्यावर काय करायचं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी कंपासनेच विचारलं, "बाई, पण आता यानाच्या फोटोत तो पुंजका दिसलाय ना? तो बघून मी बरोबर चित्र काढते. मग तर खोटं नाही ना?"

प्रश्न चांगला होता. बाई म्हणाल्या,

"ते चित्र बरोबर असेल, पण आपलं नसेल. यानानं पाहिलं ते यानाच्या नावावर राहू दे. शेजारी लाव हवं तर, 'यानाने पाहिले' असं लिहून. आपण काय पाहिलं त्या दिवशी?"

"ढग."

"मग लिही ढग."

"पण म्हणूनच तर यान पाठवतात ना, बाई?" पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली. "आपल्यावर ढग आले तरी कुणीतरी बघत राहायला हवं म्हणून?"

बाईंनी या प्रश्नावर एक अख्खा तास घ्यायचं ठरवून टिपण काढून ठेवलं होतं. आता त्यांनी ते पुस्तकात तसंच मिटून टाकलं.

*

सतराव्या दिवशी फक्त 'ढग' लिहिलेली नोंद पाठवल्यावर आठ दिवसांनी केंद्रातल्या अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज थकलेला, पण सौजन्याचा होता. नियम तो नियम. मोठी दुर्बीण यंदा दुसऱ्या शाळेला गेली. "मात्र रिकामा दिवस आमच्या कामाचा असतो, बाई. भरलेला खोटा दिवस नसतो. शाळेनं लेखी मागितलं, तर लहान दुर्बीण वर्षभर ठेवून घ्या."

लेखी म्हणजे मोठ्या बाईंची सही. बाई अर्ज घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या, तेव्हा मोठ्या बाई चष्मा कपाळावर चढवून वेळापत्रक तपासत होत्या.

"हात दाखवून अवलक्षण," अर्ज वाचून त्या म्हणाल्या. "मला कळलं नसतं, केंद्राला कळलं नसतं. आता मोठी गेली आणि लहानीसाठी तुम्हाला वर्षभराचा तास हवा."

"हो."

"मी सांगितलं होतं, दुर्बीण गेली तर गणित."

"एक दुर्बीण गेली, बाई. दुसरी तुमच्या सहीवर आहे."

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "चला. कशावर सही करतेय ते तरी बघू दे."

नकाशांच्या खोलीत खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि मुलं दुर्बिणीभोवती जमली होती. मोठ्या बाईंना पाहताच त्यांची पाचावर धारण बसली. फळकुटावर हाताच्या पंजाएवढा पांढरा सूर्य थरथरत होता.

"हे एवढंच?" मोठ्या बाई वाकल्या. "आणि तो काळा? कचरा आहे का?"

"बघूया," कंपास म्हणाली आणि तिने दुर्बिणीची मागची काच चिमटीत धरून हळूच फिरवली. "कचरा असता तर काचेबरोबर फिरला असता. हा जागचा हलला नाही. म्हणजे सूर्यावरच आहे. पृथ्वीपेक्षा मोठा असेल, बाई."

"हा ठिपका?"

"आणि अशा डागांपाशी वादळं उठतात," रेडिओ सुरू झाला. "ती इकडे आली तर उपग्रह बिघडतात, फोन बंद, वीज बंद, विमानांची..."

"आणि यान जर सगळं पाहतंच आहे," मोठ्या बाईंनी त्याला मधेच तोडलं, "तर तुमच्या या पेन्सिली कशाला?"

रेडिओने कंपासकडे पाहिलं.

"यान फोटो पाठवतं," ती सावकाश म्हणाली. "पण फोटोत बघायचं काय, ते पेन्सिलीनंच कळतं. मी तो पुंजका काढला नव्हता ना, म्हणून मला तो आता कधीच विसरता येणार नाही."

मोठ्या बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पेन्सिलीसाठी हात पुढे केला. कुणीतरी ती दिली. त्या डागावर टोक टेकवतात, तोच डाग पुढे सरकला. त्यांनी हात सरकवला, तोवर तो आणखी पुढे. बघता बघता सूर्याची कड वर्तुळाबाहेर जाऊ लागली.

"अरे, थांबवा ना त्याला जरा!"

"तो नाही बाई," दहा-बारा आवाज एकदम उठले, "आपण फिरतोय!"

हशा पिकला. आधी घाबरत, मग मनमोकळा. मोठ्या बाईही हसल्या. पण पेन्सिल त्यांनी सोडली नाही. कंपासने नळी अलगद वळवून सूर्य पुन्हा वर्तुळात आणला आणि तिथेच धरून ठेवला. डाग टिपला गेला. वेडावाकडा, पण नेमक्या जागी.

"अर्ज इकडे आणा," मोठ्या बाई फळकुटावरून नजर न काढता दुर्बीणबाईंना म्हणाल्या. "आणि गणिताच्या सरांना सांगा, सराव शेवटच्या तासाला. कुरकुरले, तर त्यांनाही एक डाग काढायला लावा."