मागचं क्वार्टर

माझा रूपेश इथे आखातात, हवल्लीला माझ्या लेकीच्या घरी मला भेटायला आला आणि म्हणाला, "आये, क्वार्टर मिळतंय." मी आधी गावी वाडीत तीन फोन लावले, मग त्याला पाणी दिलं. यजमान सरकारी शिपाई होते. क्वार्टरसाठी अर्ज करता करता गेले, मिळालं नाही. आता सुनेला, रत्नमालेला मिळणार म्हटल्यावर मी का गप्प बसू?

रूपेश प्लास्टरवाला. इथेच फिंतासला एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, घराचं बांधकाम चाललंय. तो अमेरिकेत शिकला. तिथे दीडेकशे वर्षांमागे लोकांची आपसात लढाई जुंपली त्याच्याही आधीची, कापसाच्या मळेवाल्याची एक वाड्याएवढी कोठी त्याने पाहिली आणि तश्शीच इथे हवी म्हणून बसला. घर पुरं झालं की रूपेश तिथे राखणदार, रत्नमाला स्वयंपाकाला. सहा वर्षं तो इथे, ती वाडीत; आता नवराबायको एका छपराखाली.

मोबाइलवर त्याने नकाशा दाखवला. पुढे दोन मजले उंच पांढरे खांब, चारी बाजूंनी रुंद पडवी, वाऱ्यासाठी मधून आरपार दालन. स्वयंपाकघर कोठीपासून वेगळं, मागे, म्हणजे धूर आणि आचारी दोन्ही मालकापासून लांब. त्याच्याही मागे चौकोनांची ओळ. एकावर बोट ठेवून म्हणाला, हे आपलं.

लेकीची मुलगी, माझी नात समिधा, मोबाइलमध्ये डोकावली. एरवी ही पोर मराठीला इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी मराठीत बोलली. "आजी, इथे इंग्रजीत क्वार्टरच्या आधी अजून एक शब्द लिहिलाय. गुलामांचं. विकत घेतलेली माणसं तिथे ठेवायचे. नक्कल करताना शब्दही तसाच उतरवलाय."

मी नीट पाहिलं. कोठीला खिडक्याच खिडक्या. चौकोनांना एकेक दार, खिडकी नाही. आम्ही कोंबड्यांच्या खुराड्यालाही फट ठेवतो.

रूपेशला झापलं. दहावी झालास, एवढा शब्द वाचता आला नाही? मालकाला सांग, भिंतीत खिडकी ठेवा, नाहीतर माझी सून येणार नाही.

"वाचला होता, आये," तो म्हणाला. "रत्नमालेलाही सांगितला. ती म्हणाली, दाराला आतून कडी आहे का, तेवढं बघा."

"आणि आहे?"

"नाही. मी बसवून घेणार आहे."

रत्नमाला येऊन तीन महिने झाले. दर शुक्रवारी दोघं बोलावतात. मी गेलेले नाही. तिथे आम्हाला पुढच्या दाराने घेत नाहीत, आणि मागच्या दाराने मी आजवर कुणाकडे गेले नाही.