डब्यावर झोपलेलं मांजर

सुई एकावर येऊन थांबली आणि रेडिओ क्लबच्या गच्च भरलेल्या खोलीत कुणीतरी टोपी काढली.

"हा ऐंशी मीटरचा पट्टा," इंजिनियर वेलिको म्हणाला. "आता एकशेसाठ लावा. तिथेही एकच. अहो, सुई आता तुमची नाही, श्रद्धेची आहे."

अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते, ते ही सुई दाखवते. एक म्हणजे काहीच परत आलं नाही. काळ्या समुद्राकाठच्या त्या गावात पोरगा नापास झाला तर चालायचं. सुई दोनवर गेली तर हौशी रेडिओवाल्याला तोंड दाखवायची सोय नसायची.

खिडकीबाहेर वेलिकोची नवी अँटेना, एक आखूड खांब, उभी होती. बुडाशी एक सीलबंद डबा. मधमाश्या पाळणाऱ्यांचे संत हरलांपी यांच्या दिवशी मधाच्या बरण्यांबरोबर चर्चमध्ये ठेवलेलं मेण त्यात भरलं होतं आणि ते 'लहरींना वळण लावतं', असं वेलिकोचं म्हणणं. डबा उघडला की वळण जातं.

"आणि खांबाखाली जमिनीत पुरायच्या तारा?" जिव्काने विचारलं. ती शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची.

"मास्तरीणबाई, झाडाला मुळं लागतात. पक्ष्याला लागतात का?"

सगळे हसले. शेजारी जुना खांब उभा होता, तो जिव्काच्या नवऱ्याने, रांगेलने, मरण्याआधी बांधलेला. ऐंशी मीटरच्या लहरीला वीस मीटर उंची लागते आणि गावात तेवढा उंच फक्त चर्चचा मनोरा. म्हणून रांगेलने आपल्या आखूड खांबाच्या मध्ये तांब्याच्या वेटोळ्यांचे ट्रॅप बसवले होते. आखूड लहरींना ते दार लावून घेत. लांब लहरींना दार उघडं ठेवून कमी पडलेली उंची भरून काढत. खाली चहूबाजूंनी तारा पुरलेल्या. एवढं करून सुई दीडच्या खाली कधी आली नाही. उद्या ट्रॅक्टर येऊन त्या तारा उपटणार होता; तिथे द्राक्षं लावायची होती.

जिव्काला द्राक्षांचं वावडं नव्हतं; काळजी भावाची होती. तिचा भाऊ स्पास नॉर्वेच्या उत्तरेला एका बेटावर हवामान केंद्र सांभाळायचा. वादळात फोनची केबल तुटली होती आणि छातीत दुखतंय, असं तो शेवटच्या बोलण्यात म्हणाला होता. रोज दिवेलागणीला तो ऐंशी मीटरवर यायचा. डबा बसल्यापासून आला नव्हता.

"ऐका, किती शांत," क्लबचे अध्यक्ष स्टामेनकाका कानावरचे हेडफोन दाबत म्हणाले. "जरासुद्धा खरखर नाही."

"काका, माणूसही नाही."

"पोरी, स्पासची बॅटरी उतरली असेल."

"काल बोललो की आपण," वेलिको म्हणाला. बोलणं झालं होतं ते खाडीपलीकडच्या त्याच्या मित्राशी. खिडकीतून हात हलवला असता तरी त्याला दिसलं असतं.

जिव्का बाहेर गेली. कुंपणावर, खांबावर, मोटारींवर बर्फ साचलं होतं. डब्यावर नव्हतं. तिथे क्लबचं मांजर वेटोळं करून झोपलं होतं. ती तशीच शाळेत गेली आणि प्रयोगशाळेतला एक बरणीएवढा डबा घेऊन आली.

"हे काय, लोणचं?" कुणीतरी विचारलं.

"अँटेना."

तिने वेलिकोची केबल काढून तो डबा रेडिओला जोडला. "स्टामेनकाका, बटण दाबून धरा."

सुई एकावर आली.

"एकशेसाठ लावा."

एक.

"खांब कुठाय?" स्टामेनकाका म्हणाले.

"खांब नाही. तेलात बुडवलेला एक रोधक आहे. वीज खातो आणि तापतो. हात लावून बघा."

स्टामेनकाकांनी हात लावला आणि झटकन काढला. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन ते अंगणात गेले.

"उघडू नका, वळण जाईल," वेलिको म्हणाला.

"जाऊ दे, म्हाताऱ्याला कशाला वळण."

मांजर नाराजीने उठलं. डब्यातलं मेण पातळ झालं होतं आणि त्यात एक जाडजूड पांढरा रोधक पडला होता. वेलिको म्हणाला की, संशयी माणसांसमोर मेण असंच वितळतं. या वेळी कुणी हसलं नाही.

जिव्काने रांगेलच्या खांबाची केबल जोडली. सुई दीडच्या पुढे गेली. खोलीत समुद्रासारखी खरखर भरली. कुठलीतरी वीज, कुठलंतरी वादळ, आणि त्याखालून एक वैतागलेला आवाज:

"...जिव्का, रोज घसा फोडतोय. तुमच्याकडे सगळे मेले काय?"

जिव्काने माइक ओढला. "छाती कशी आहे?"

"ओरडून ओरडून दुखतेय. गोळ्या लागू पडल्यात. कुठे होतात तुम्ही?"

"डब्यात," स्टामेनकाका म्हणाले आणि ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून सांगायला निघाले.

दारात ते थांबले. "पण सुई तर एकावर होती ना गं?"

"सुई खरं तेच सांगत होती, काका. काही परत आलं नाही, एवढंच तिला सांगता येतं. गेलं कुठे, ते आपण विचारायचं असतं. मेणाला, सुईला, इंजिनियरला, मलासुद्धा."

मांजर तोवर शाळेच्या डब्यावर जाऊन बसलं होतं.