तीन बोटं माया

आमच्या शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं, उंची वाढली की उसवून सोडायचं. गिऱ्हाइकाला मी एक बोट माया ठेवते. त्याहून जास्त ठेवली की शिवण फुगते आणि मग गिऱ्हाईकही फुगतं.

हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी सांगायचं राहिलं आणि माझी पाचावर धारण बसली.

माझी भाची आठ वर्षांची. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. तिची आई वारल्यावर तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, पार खचला. "ताई, महिनाभर ठेव हिला," म्हणाला. त्या महिन्याला आता दोन वर्षं झाली. तो दर रविवारी येतो, बापलेक चित्रं काढत बसतात, दोघं मिळून माझं कटिंगचं टेबल रंगवून ठेवतात. टाचणीने माझ्याकडेच राहावं असं त्यानेही लिहून दिलंय. पण शाळेला कागद लागतो, दवाखान्याला कागद लागतो. नात्यातल्या माणसांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी एक कार्यालय आहे, तिथून तो मिळतो. त्याआधी तिथल्या बाई घर बघून जातात. त्यांनी नको म्हटलं तर पोर जाणार कुठे? या काळजीने आठवडाभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका पँटचे दोन्ही पाय मी एकमेकांना शिवून टाकले.

बाई आल्या. वयाने लहान, पण नजर पक्की. टाचणीची खाट पाहिली, कपाट पाहिलं, कात्र्या उंच खिळ्याला आहेत ना तेही पाहिलं. मग मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या.

"ताई, काही मदत हवीय का? शनिवारी आमच्याकडे मंडळी जमतात. नातवंडं सांभाळणारे आजीआजोबा, मावश्या, काका. बोलून मोकळं होता येतं. तेवढा वेळ मुलांना खेळवायला माणसंही असतात."

"मला कुणाची मदत नको," मी ठणकावून सांगितलं. मदत मागितली तर हिला झेपत नाही असं लिहितील, असा माझा होरा. खरं तर पोर झोपल्यावर कितीदा वाटलं होतं, कुणाशी तरी बोलावं.

बाईंनी टाचणीकडे मोर्चा वळवला. "काय गं, आत्या माया लावते ना तुला?"

"लावत नाहीत, ठेवतात," टाचणीने चूक दुरुस्त केली. "आणि ती आत असते. बाहेरून दिसली तर काम वाईट."

बाईंचं पेन थांबलं. "म्हणजे दिसतच नाही कधी?"

"उलटं केल्यावर दिसते. गिऱ्हाइकांना एक बोट."

"आणि तुला?"

"पहिल्यांदा आले तेव्हा नव्हतीच."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी काही बोलणार तोवर पोरगी आत पळाली आणि कपड्यांचा गठ्ठा घेऊन आली. एकेक कपडा तिने बाईंच्या मांडीवर उलटा करून टाकला. आता कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्या खळखळून हसल्या. मी मात्र हसले नाही. कारण पोरगी खोटं बोलत नव्हती. तो पहिला फ्रॉक मी अगदी मापात शिवला होता. महिनाभराचा तर प्रश्न आहे, कशाला कापड घालवा, असंच मनात होतं माझ्या. तिने ते ओळखलं असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. लाज वाटली मला.

"हा दुसरा. एक बोट," टाचणी सांगत होती. "आणि हा कोट आत्ताचा. तीन बोटं! फुगतो, पण फुगू दे म्हणाली आत्या. अकरा वर्षांची होईपर्यंत पुरेल."

बाईंनी कोटाच्या आतल्या दुमडीवर स्वतःची तीन बोटं ठेवून पाहिली. बरोबर बसली. "कागद पुढच्या आठवड्यात मिळेल, ताई," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्या दारापर्यंत गेल्या, तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "ते शनिवारचं किती वाजता म्हणालात?"

"चार वाजता. या नक्की. आणि हा कोटही आणा."

त्या गेल्यावर टाचणी कोट सुलटा करत बसली. बराच वेळ एकच बाही ओढत होती.

"आत्या, अकरा वर्षांची झाल्यावर काय?"

इतकी बडबडी पोर, आणि हे विचारायला तिने बाई जायची वाट पाहिली होती. मी टेप घेतली आणि तिच्या खांद्यावर ठेवली.

"नवा कोट. तोही तीन बोटांचा."

"चार."

"अगं, फुगेल."

"फुगू दे," ती म्हणाली, आणि माप घ्यायला ताठ उभी राहिली.