घराची व्याख्या

थंडी सरत आलेल्या दिवसांतल्या एका मंगळवारी, कार्यालये नुकतीच उघडली असताना, सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावरील परिभाषा कक्षात वॉर्डाची सिस्टर दार न वाजवता शिरली आणि मास्तरांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

“मास्तर, तुमच्या फळ्याला माणूस दिसतो का हो?”

“फळा माझा नाही,” मास्तर म्हणाले. “माझे फक्त त्यावरचे शब्द.”

“मग शब्दांना तरी दिसतो का?”

मास्तरांनी उत्तर दिले नाही. प्रश्न नीट मांडला गेला नसेल तर उत्तर द्यायचे नाही, हा त्यांचा नियम होता. त्यांनी आयुष्यात एकही वर्ग शिकवला नव्हता. पण त्यांच्यासमोर कुणाला चुकीचे वाक्य पुरे करता येत नसे, म्हणून इस्पितळाने ‘मास्तर’ हे नाव त्यांना बहाल केले होते.

फळा म्हणजे खराखुरा फळा नव्हे. पूर्वी वॉर्डाने रुग्णवाहिकेला फोन करायचा, रुग्णवाहिकेने शुश्रूषागृहाला करायचा, आणि मधे एकाने जरी फोन उचलला नाही तरी रुग्ण खाटेवर तिष्ठत राहायचा. आता शहरातल्या आणि शहराबाहेरच्या सगळ्या खात्यांच्या संगणकांसाठी एकच सामायिक जागा केली होती. ज्याला जे हवे त्याने तशी चिठ्ठी तिथे ठेवायची. ज्याला ते पुरवता येईल त्याचे यंत्र ती वाचून उचलणार. ठेवणाऱ्याला उचलणारा ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि दोघांनी एकाच वेळी जागे असण्याचेही नव्हते. चिठ्ठी उचलली की व्यवहार पक्का. मात्र हे सारे चालायचे तर शब्दांचे अर्थ सर्वांना सारखे हवेत. एक खाते ‘खाट’ म्हणते, दुसरे ‘बेड’, तिसरे ‘जागा’. यांतले काय एकच आणि काय वेगळे, हे यंत्रांना समजेल अशा रीतीने ठरवून देणे हे मास्तरांचे काम. ते काम त्यांनी अशा निगुतीने केले होते, की एकेका शब्दासाठी महिना महिना घेतो म्हणून वरिष्ठ त्यांच्यावर वैतागत, पण त्यांनी ठरवलेला शब्द कधी परत आला नव्हता.

“वर चला,” सिस्टर म्हणाली. “तुम्हाला कुणीतरी दाखवायचंय.”

दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर, एक म्हातारा उशांना टेकून बसला होता. त्याचे सारे आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेले होते. अर्धांगवायूने आता उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही नेली होती. त्याच्याच वयाचा दुसरा एकजण, बाजारातला कुलूपवाला, त्याची दाढी करत होता.

“उपचार संपलेत,” सिस्टर हलक्या आवाजात म्हणाली. “‘घरी पाठवणे आहे’ अशी चिठ्ठी मी केव्हाची ठेवलीय. सगळे वाचतात, उचलत कुणी नाही. रुग्णवाहिका येत नाही, घरी जाणारी नर्स मिळत नाही. का, तर म्हणे घर नाही! याने जेवण सोडलंय, मास्तर. हा कुलूपवाला आला तरच दोन घास खातो. डॉक्टर म्हणतात, इथे राहिला तर टिकायचा नाही.”

मास्तर खाटेजवळ गेले. “तुम्ही यांचे कोण?” त्यांनी कुलूपवाल्याला विचारले.

“कोण म्हणजे?” कुलूपवाल्याने वस्तरा पुसला. “एका खोलीत राहतो. जवानीपासून. हा घोरतो, मी जागतो.”

“नात्याने कोण?”

“ते यालाच विचारा साहेब. बोलता येत नाही, पण डोळ्यांनी शिव्या चांगल्या देतो.”

लिफ्टवाल्याने खरोखरच त्याच्याकडे तसे पाहिले, आणि डाव्या हाताने त्याचा शर्ट धरून ठेवला.

मास्तरांना आपली व्याख्या तोंडपाठ होती. घर म्हणजे रुग्णाच्या किंवा त्याच्या नातेवाइकाच्या नावावरचे निवासस्थान. नातेवाईक म्हणजे रक्ताने वा विवाहाने जोडलेली व्यक्ती. खोली कुलूपवाल्याच्या नावावर होती. दोन्ही वाक्ये निर्दोष होती आणि त्या निर्दोष वाक्यांच्या बाहेर हा माणूस उपाशी बसला होता.

“दुपारनंतर सही करायला या,” मास्तर म्हणाले. “मी बघतो.”

कुलूपवाला एकदम उठला. “मग आधी खोलीवर जाऊन येतो. चाकाची खुर्ची आत जायची तर उंबरठा काढायला हवा.” आणि लिफ्टवाल्याच्या गालावरचा साबण टॉवेलाने टिपत म्हणाला, “ऐकलंस ना? आज घरी. आता मुकाट्याने दूध पी.”

लिफ्टवाला दूध प्यायला.

दुपारी मास्तर जेवायला घरी गेले. इस्पितळामागच्या वसाहतीत त्यांची दोन खोल्यांची जागा होती. पत्नीने सारी हकिकत ऐकून घेतली.

“अहो, मोठे भाऊजी बसतात ना तुमच्या व्याख्येत?”

“अर्थात. सख्खा भाऊ.”

“आणि आपल्या घरात येऊन किती वर्षांत बसले नाहीत?”

मास्तर भात कालवत राहिले.

“मागे तुमची कंबर धरली, तेव्हा तुम्हाला जिन्यावरून खाली कुणी उतरवलं? समोरच्या शिंपीणबाईंनी. त्या कोण तुमच्या? कुणी नाही. उद्या मी नसले आणि तुम्ही त्या खाटेवर असलात, तर तुमचा फळा भाऊजींची वाट बघत बसेल.”

“अगं, ‘नातेवाईक’ हा शब्द मला एकट्याला हलवता येत नाही. पेन्शन, वारसा, शस्त्रक्रियेची संमती, सगळं त्याला बांधलेलं आहे. समिती लागते.”

“मग दुसरा हलवा. शब्दांची काय कमी आहे तुमच्याकडे? पण जरा लवकर. तो म्हातारा तुमच्यासारखा महिनाभर विचार करत बसणार नाही.”

कक्षात परतून मास्तरांनी तेच केले. ‘घर’ हा शब्द त्यांच्या एकट्याच्या अखत्यारीत होता. त्यांनी लिहिले: रुग्णाची नित्य काळजी घेण्याची ज्यांनी तयारी दर्शवली आहे, अशांचे निवासस्थान. मग सवयीप्रमाणे ते स्वतःशीच भांडले. भाड्याची खोली चालेल काय? चालेल, मालकीचा आणि मायेचा संबंध नाही. तयारी दाखवून कुणी मागे फिरला तर? तसे नातेवाईकही फिरतात. प्रत्येक आक्षेपाला उत्तर सापडले, तेव्हा त्यांना क्वचितच होणारा आनंद झाला: वाक्य नुसते बरोबर नव्हते, चांगलेही होते. त्यांनी ते मंजूर केले आणि सिस्टरला फोन लावला.

“शब्द बदलला. आता कुलूपवाल्याची तयारी फळ्यावर लिहा.”

“तो अजून आला नाही. आला की सही घेते आणि लगेच लिहिते. मास्तर, तोंडात साखर पडो तुमच्या!”

मास्तरांनी चहा मागवला. कप अर्धा झाला तोच फोन वाजला.

“मास्तर, गाडी कुणी बोलावली?” सिस्टरने विचारले. “मी औषधांच्या खोलीत होते. परत आले तर खाट रिकामी!”

मास्तर जिना चढून वर गेले ते अर्धवट कळूनच. उरलेले त्यांना वॉर्डातल्या संगणकापुढे उभ्याउभ्या कळले. एका दिवसाच्या प्रवासावर, टेकडीपलीकडे, एक शुश्रूषागृह होते. तिथल्या जुन्या व्यवस्थापकाने कधीकाळी फळ्यावर चिठ्ठी ठेवली होती: नित्य काळजीस तयार, निवासाच्या जागा रिकाम्या. तो व्यवस्थापक निवृत्त झाला, लोक ती चिठ्ठी विसरले. फळा विसरला नाही. शुश्रूषागृह रुग्णाच्या वा नातेवाइकाच्या नावावर नसते, म्हणून आजवर ‘घरी पाठवणे’ची एकही चिठ्ठी तिला जुळली नव्हती. मास्तरांनी नवे वाक्य मंजूर केले त्या क्षणी ती जुळली. फाटकात उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेच्या यंत्राने पुढचे काम उचलले, आणि वॉर्डबॉयनी हुकूम वाचून रुग्ण गाडीत ठेवला. कुणीही चुकले नव्हते. कुलूपवाल्याची तयारी आधी लिहायची आणि शब्द मागाहून बदलायचा, एवढेच करायचे होते. वाक्याविरुद्धचे सारे आक्षेप मास्तरांनी तपासले होते. त्या वाक्याची वाट बघत आधीपासून कोण बसले आहे, हे मात्र पाहिले नव्हते.

त्यांनी शुश्रूषागृहाला फोन केला. पलीकडची बाई फार सौजन्याने बोलली.

“हो, नोंद झालीय आमच्याकडे. गाडी अजून वाटेत असली, तरी व्यवहार पक्का झालाय; आता ते आमच्या जबाबदारीत. परत सोडायचं तर नातेवाइकाची सही लागेल. तेवढी पाठवा, आमची काहीच हरकत नाही.”

“आणि नातेवाईक नसेल तर?”

“मग समितीकडे अर्ज. त्यांना दोनतीन महिने लागतात.”

“तो जेवत नाही,” मास्तर म्हणाले.

“आम्ही प्रयत्न करू ना,” बाई म्हणाली.

फोन ठेवून ते वळले, तर कुलूपवाला दारात होता. कुठूनशी मागून आणलेली चाकाची खुर्ची त्याने पुढे ढकलत आणली होती. बाह्यांना लाकडाचा भुसा चिकटला होता, आणि एका बोटाला चिंधी गुंडाळली होती.

“निघाला उंबरठा,” तो सिस्टरला म्हणाला. “जुनं सागवान, हलायला तयार नव्हतं. सही कुठे करू?”

सिस्टरने तोंड फिरवले. कुलूपवाल्याने खाटेकडे पाहिले. चादर काढून नेली होती. कठड्यावर दाढीचा ब्रश तसाच ओला होता.

मास्तरांनी त्याला सगळे सांगितले. आडपडदा ठेवला नाही, यंत्रावर ढकलले नाही, शब्द का बदलला, कसा बदलला आणि क्रम कुठे उलटा झाला हे एकामागून एक, नीट वाक्यांत सांगितले. “समितीपुढे मी स्वतः उभा राहीन,” ते शेवटी म्हणाले. “उद्याच अर्ज करतो. पण आजची चूक माझी.”

 ऐकून झाल्यावर कुलूपवाल्याने ब्रश झटकला, रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला.

“तिकडे जायची गाडी कुठून सुटते?” त्याने सिस्टरला विचारले. तिने सांगितले. तो रिकामी खुर्ची वळवू लागला. मास्तर पुढे होऊन दार धरून उभे राहिले. खुर्ची त्यांच्याजवळून जाताना तो थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता; बिघडलेले कुलूप बघून गिऱ्हाइकाला सांगावे, तसे तो म्हणाला,

“घाई केलीत, साहेब.”