हातातला खडू

खुर्ची चांगली आहे हो, पण मला तिच्यात बसवतच नाही. प्राचार्य होऊन अकरा दिवस झाले होते आणि अकराही दिवस मी व्हरांड्यातच. नवरा म्हणतो, "तुझ्या पायाला भिंगरी आहे." खोटं कशाला बोलू? प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या, पहिलीच्या पोरांकडून अक्षरं गिरवून घेतली, मूकबधिरांच्या शाळेत हातवाऱ्यांनी भूगोल शिकवला, पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत चुका काढल्या, मग शिक्षकांनाच शिकवायला लागले. कुठेही पाच वर्षं टिकले नाही. या सगळ्या धावपळीलाच अनुभव म्हणतात म्हणे, म्हणून हे पद मिळालं.

बाराव्या दिवशी गणिताच्या नव्या बाईंच्या वर्गावरून चालले होते. पंचविशीची मुलगी, पहिलीच नोकरी. फळ्यावर तिसऱ्या ओळीत अधिकच्या जागी उणे लिहून बसली होती. अशा वेळी बाहेर थांबावं, तास संपल्यावर एकटीला गाठून सांगावं. हे मीच शेकडो शिक्षकांना शिकवलंय! आणि मी काय केलं? सरळ आत शिरले, तिच्या हातातला खडू घेतला आणि गणित पुरं केलं. मुलं हसली. मीही हसले, मेली! किती दिवसांनी खडू हातात आला होता.

दुपारी शिपाईमामांनी टेबलावर पाकीट ठेवलं. आत तिचा राजीनामा. 'मला शिकवता येत नाही हे लक्षात आलं आहे. उद्याचा तास माझा शेवटचा.'

मी तो कागद घेऊन तडक शेजारच्या खोलीत गेले. उपप्राचार्य म्हणाले, "जाऊ द्या हो, दुसरी मिळेल."

"आपल्याला मिळेल, पण तिचं काय?" मी ओरडलेच. ती पुन्हा कधी फळ्यापुढे उभी राहिली नसती, आणि ते पाप माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तास सुरू व्हायच्या आत वर्गात गेले. "काल मी चुकले," मुलांसमोरच म्हणाले. "तास बाईंचा होता. मी मध्ये तोंड घालायला नको होतं." आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, जरा धीर येईल तिला.

कसला धीर! दुसऱ्याच ओळीला ती अडली. खडू मोडला. माझे हात नुसते शिवशिवत होते. तेवढ्यात ती वळली.

"मॅडम, तुम्ही इथे बसलात की मला काही सुचत नाही. बाहेर जाता का?"

प्राचार्यांना कुणी वर्गाबाहेर काढतं का? खरं सांगते, कानशिलं तापली माझी. तरी उठले.

दाराशी पोचते तोच मागून आवाज आला, चांगला खणखणीत, "हं, वह्या उघडा. आणि उद्या सगळ्यांनी गृहपाठ आणायचाय, मी तपासणार आहे."

उद्या म्हणाली! मी दार ओढून घेतलं आणि तिथेच भिंतीला टेकून रडले. ती राहणार होती. आत तिचा वर्ग होता, शेजारी दुसऱ्या कुणाचा, आणि त्या अख्ख्या इमारतीत माझा म्हणून एकही वर्ग नव्हता.