दुसऱ्यांदा विचारलं नाही

कमलबाईने फ्रान्सला जायला 'नाही' म्हटलं आणि तिचं नाही खरं धरलं गेलं. सगळं दुखणं तेवढंच होतं.

शिवकन्या तिच्या धाकट्या जावेची, दैवशालेची लेक. पण दैवशाला आणि तिचा नवरा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते पाडव्याच्या तोंडावर परतायचे, आणि पोरगी मागे कमलबाईपाशी राहायची. दरसाल पाच-सहा महिने, अशी बारा वर्षं. तिच्या डोक्यातल्या उवा कमलबाईने काढल्या, गोवर आला तेव्हा आठ दिवस मांडीवरून खाली ठेवली नाही, सेलूच्या शाळेला जायची एसटी देवगाव फाट्यावर हात करून तिनेच थांबवली. पोरगी तिला मोठीमाय म्हणायची. पुढे ती परभणीला शेतकीचं शिकली आणि द्राक्षवेलींच्या रोगांवर काम करायला फ्रान्समधल्या बर्गंडी नावाच्या मुलखात गेली. गेल्या उन्हाळ्यात तिथून तिचा फोन आला, आधी कमलबाईलाच.

"मोठीमाय, सप्टेंबरात येतीस का इकडं? म्हैनाभर राहा. गावं दाखविते, बाजार दाखविते, द्राक्षाचे मळे दाखविते."

कमलबाईच्या जिवाला पंख फुटले आणि तोंडातून निघालं, "मला काय करायचंय गं तिकडं? म्हशीला कोण बघंल?"

आता याला काय नाही म्हणायचं? पहिल्या बोलावण्यावर उठणं हे हावरटाचं लक्षण. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा सबब सांगायची आणि तिसऱ्यांदा "एवढं म्हणतीस तर" असं म्हणत पदर सावरायचा. घोटभर चहाला ही रीत, तर विमानाला नको? कमलबाई दुसऱ्या फोनची वाट बघत बसली. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी कळलं की शिवकन्येने दैवशालेला विचारलं आणि ती बया पहिल्याच दमात "येते की" म्हणाली.

कमलबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. उवा काढायला मी आणि विमानात बसायला ही!

दैवशाला गेली त्या महिन्यात कमलबाईला धड घास गोड लागला नाही. नवऱ्याच्या, लिंबाजीच्या मोबाइलवर रोज फोटो यायचे. "मला नका दाखवू," असं म्हणून ती चुलीपुढे बसायची आणि लिंबाजी बाहेर गेला की मोबाइल उचलायची. दोन बोटांनी फोटो मोठा करून बघायची. दगडी घरांची गावं, खिडक्याखिडक्यांत फुलं, आणि मधोमध स्वेटर घातलेली दैवशाला. कमलबाई घरांकडे बघायचीच नाही. शिवकन्येचा हात दैवशालेच्या खांद्यावर आहे का, एवढंच बघायची. असायचा. प्रत्येक फोटोत असायचा. एका फोटोत पाऊस पडताना दिसला तेव्हा तिला बरं वाटलं, पण त्याच फोटोत शिवकन्येने आईच्या डोक्यावर छत्री धरली होती.

दैवशाला परत आली ती मोहरीच्या चटणीची एक बाटली घेऊन. "अक्का, तिकडची हाय," म्हणाली. "आपल्याकडं काय मोहरीचा दुष्काळ पडलाय?" असं म्हणून कमलबाईने बाटली फळीवर सारली.

दिवाळीआधी कमलबाईच्या शेतात कापसाची वेचणी लागली. गावातल्या बाया एकमेकींच्या शेतात सावडीने वेचायला जातात. त्यामुळे दैवशालेला नको म्हणायची सोय नव्हती. एका रांगेत सहाजणी, कमरेला ओटी बांधलेली, आणि दैवशालेच्या तोंडाला खंड नाही. कान बंद करायची काही सोय देवाने ठेवलेली नाही.

"शनिवारचा बाजार भरतो बघा, आपल्या जिंतूरसारखाच. पण गलका न्हाई. आन काय इकायलेत म्हणताव? गोगलगायी! लसणाचं लोणी घालून खातेत."

"अगं माय!" चांगुणाबाई ओरडली. तिचं सोयाबीन त्या साली गोगलगायींनीच फस्त केलं होतं. "आधी सांगायचं न्हाई का? पोतंभर देली असती तुझ्यासंगं."

बाया खदखदून हसल्या. कमलबाईलाही हसू येत होतं, ते तिने गिळलं.

"आन दारूचं तळघर? पेवात उतरल्यावानी गार. लाकडाचे पिंपच पिंप. मालक घोटघोट देतो, लोक तोंडात घोळवतेत आन बादलीत थुकतेत."

"थुकायचीच तर करायची कशाला?" एकीने विचारलं.

"दुरून डोंगर साजरे," कमलबाई पुटपुटली. कुणी ऐकलं नाही.

"द्राक्षतोडीला लांबून माणसं येतेत, आपल्या टोळीसारखी. मी बी एक दिस तोडली. उसाचा हात माझा, दुपारपर्यंत दोन वळी पुढं. मालकीण बघतच राहिली. मंग जेवायला एकच लांब टेबल. मालक, मालकीण, तोडणारे, समदे एका पंगतीला. मला मालकाच्या शेजारी बसविलं." दैवशालेचा आवाज जरा खाली आला. "इतकी वर्सं उसाच्या फडात गेले, पण मालकाच्या शेजारी कधी बसले न्हाई."

बायांची माया दैवशालेकडे वळलेली कमलबाईला दिसली आणि तिचा तोल सुटला.

"बसशील की!" ती कडाडली. "पोरगी वाढवायची मी आन पंगतीला बसायचं तू! मळे बघायचे तू! मी एकदा नको काय म्हणलं, तू झटक्यात माझ्या ताटावर बसलीस. लाज कशी वाटली न्हाई?"

दैवशालेच्या हातातलं बोंड तसंच राहिलं. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती रडली नाही.

"अक्का, तुमी नको म्हणलात हे मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "म्हणूनच हो म्हणलं. पोरगी तुमच्यापाशी बारा वर्सं व्हती. फडातल्या कोप्यावर भाकरी थापताना मला रोज वाटायचं, आता ती अक्काच्या ताटात जेवत असंल. लय जळायचे मी तुमच्यावर. माझ्या वाट्याला आता एक म्हैना आला. नको म्हणून बघायची माझी छाती झाली न्हाई. पुना कुणी इचारलंच नसतं तर?"

आपल्यावर कुणी जळत असेल, हे कमलबाईच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यातही खरं सांगायचं तर तिला आतून थोडं गोड वाटलं, आणि मग स्वतःचीच शरम वाटली.

लिंबाच्या सावलीला भाकरी सोडल्या तेव्हा दैवशालेचा मोबाइल वाजला. रविवार होता, शिवकन्येचा व्हिडिओ कॉल. दैवशालेने मोबाइल बघितला आणि तो जावेपुढे धरला.

"मोठीमाय! जेवलीस का?"

कमलबाईने इतक्या महिन्यांत पाठ केलेली टोमण्यांची यादी होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मला यायचं व्हतं," ती म्हणाली. "तू दुसऱ्यांदा इचारलंच न्हाईस."

पलीकडून शिवकन्या हळूच म्हणाली, "तू न्हाई म्हणलीस तवा मी दोन दिस रडले. वाटलं, मोठीमायला माझ्याकडं यायचंच न्हाई."

"अगं, न्हाई म्हणजे न्हाई असतं व्हय?"

"तुझं असायचं," शिवकन्या म्हणाली. "चौथीत मी सहलीला जाऊ का म्हणून इचारलं, तू न्हाई म्हणलीस. पुना इचारलं तर पाठीत धपाटा देलास. म्हणलीस, मोठ्यानं एकदा न्हाई म्हणलं की पुना तोंड उघडायचं न्हाई. तवापासून मी तुला कायबी दुसऱ्यांदा इचारलं न्हाई, मोठीमाय. तुझ्या ध्यानात आलं न्हाई का?"

नव्हतं आलं. पोरगी शहाणी आहे, हट्ट करत नाही, असं कमलबाई गावभर अभिमानाने सांगत आली होती. तिने पदर तोंडाला लावला. बायांनी भाकरीकडे बघितल्यासारखं केलं. दैवशाला सरकून तिच्याजवळ बसली.

"मंग आता इचार," कमलबाई पदराआडून म्हणाली.

"काय?"

"इचार म्हणलं ना!"

शिवकन्येने विचारलं, "मोठीमाय, पुढच्या सप्टेंबरात येतीस का?"

"येते!" कमलबाई इतक्या जोरात म्हणाली की चांगुणाबाईच्या हातातला कांदा खाली पडला. मग तिने शेजारी बसलेल्या दैवशालेकडे एक नजर टाकली आणि मोबाइल तोंडाजवळ नेला, पण आवाज काही कमी केला नाही. "आन ऐक. तुझ्या मायला ठेवलंस, त्याच्याहून आठ दिस जास्ती ठेव मला."