दाराखालची घडी

मॅडमनी पत्रकारितेच्या वर्गात उभी हयात घातली होती. त्यांच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक पोर एक वाक्य तोंडपाठ करून बाहेर पडायचं: तपशील नसेल तर बातमीला जीव नाही. पुढे वर्तमानपत्रंही त्यांना प्रशिक्षणाला बोलावू लागली. अत्याचाराची बातमी लिहिताना त्या बाईचं घर, कपडे, येण्याजाण्याच्या वेळा का चघळायच्या नाहीत, हे त्या मुरलेल्या वार्ताहरांना समजावत. मागच्या रांगेतले जांभया देत आणि चहाला मात्र सगळ्यांच्या पुढे असत. पालथ्या घड्यावर पाणी, असं नवरा म्हणायचा. मॅडम म्हणायच्या, निदान घडा तरी ओला होतो.

मग त्यांनी संशोधन हाती घेतलं. बातम्या लिहिणाऱ्या बायकांना त्यांच्याच कचेरीत कसं वागवलं जातं, हा विषय. बायका बोलेनात. पहिली बोलली ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. शुद्धलेखनाची एकही चूक तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून वर्गात तिला सगळे कानामात्रा म्हणत. आता ती एका मोठ्या दैनिकात उपसंपादक होती. मॅडमच्या स्वयंपाकघरात बसून, चहावर साय धरेपर्यंत ती बोलत राहिली. संपादक पानं तपासायला तिला एकटीलाच केबिनमध्ये बोलवायचा आणि दार लोटून घ्यायचा. म्हणून ती जाताना जुन्या अंकाची जाड घडी न्यायची आणि पायाने दाराखाली सरकवायची. दार मग पुरतं मिटत नसे. तो हसून म्हणायचा, "आलीस का पाचर घेऊन?"

मॅडमनी तिचं नाव बदललं. वय, हुद्दा, गाव, सगळं बदललं. घडी मात्र ठेवली. तो परिच्छेद त्यांनी पुन्हापुन्हा वाचला आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला. असा तपशील गाळायला हात धजेना.

अहवाल गाजला. सभांमधून तोच परिच्छेद वाचून दाखवला जाऊ लागला. आणि नवल म्हणजे त्याच दैनिकाने मॅडमना प्रशिक्षणाचं आमंत्रण दिलं. संपादक स्वतः स्वागताला दारात उभा होता, पहिल्या रांगेत बसला आणि सगळ्यांच्या आधी त्यानेच टाळ्या वाजवल्या. मॅडमची नजर कानामात्राला शोधत होती. चहाच्या सुट्टीत त्यांनी एका वार्ताहराला विचारलं, तेव्हा तो खाली बघत म्हणाला की ती आता तळमजल्यावर असते, छोट्या जाहिरातींकडे.

तळमजल्यावर खिडकी नव्हती. कानामात्रा 'घर भाड्याने देणे'च्या मजकुरातले ऱ्हस्वदीर्घ सुधारत होती. मॅडमना पाहून ती उठली आणि तिने त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

"हे कधी झालं?"

"अहवाल आला त्याच आठवड्यात. मॅडम, तुम्ही माझं नाव बदललंत. पण ती घडी सगळ्या कचेरीला माहीत होती. शिपाई रोज केर काढताना ती उचलून ठेवायचा."

 मॅडम म्हणाल्या, मी तक्रार करते, साक्षीला उभी राहते, लागेल तिथे येते.

"नको," कानामात्रा म्हणाली. "आता माझ्यासाठी काही करू नका." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मॅडमना बरं वाटलं असतं. "घडी काढली असती तर अहवाल मिळमिळीत झाला असता, हे कळतं मला. तुमचीच तर विद्यार्थिनी मी."

मॅडम वर आल्या, पण पुढचं सत्र त्यांनी घेतलं नाही. आज मला शिकवता येणार नाही, एवढंच बोलून त्यांनी पिशवी उचलली. संपादकाने लगेच सगळ्यांना सांगितलं की मॅडमची तब्येत जरा बिघडली आहे, आणि गाडी मागवली. प्रशस्तिपत्रकं ठरल्याप्रमाणे वाटली गेली.

अहवालाच्या पुढच्या आवृत्तीतून तो परिच्छेद त्यांनी काढायला लावला. पण धनुष्यातून सुटलेला बाण तो. तोवर तो ज्याच्या त्याच्या भाषणात जाऊन बसला होता. कानामात्राने नोकरी सोडली आणि ती दुसऱ्या शहरात भावाकडे राहायला गेली, असं कानावर आलं. मॅडमनी दोनतीनदा फोन केले. भावजयीने घेतले. ती बाहेर गेली आहे, म्हणाली.

नवऱ्याने समजूत घालून पाहिली. तू काही वाईट हेतूने केलं नाहीस, म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "कुऱ्हाडीच्या दांड्याचा तरी कुठे वाईट हेतू असतो?" त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

वर्षभराने एक तरुण वार्ताहर घरी आली. अहवाल वाचून आली होती. तिलाही सांगायचं होतं, आणि धीर एकवटून तिने सुरुवातही केली. मॅडमनी तिला मध्येच थांबवलं.

"आधी मला सांग, हे तुझ्या कचेरीत आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांनाच," मुलगी म्हणाली.

"मग मला नको सांगूस, बाळ."

मुलीने विचारलं, "मग कोणाला सांगू?"

मॅडमनी खूप विचार केला. खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावर रहदारी चालली होती. शेवटी मुलीनेच ओढणी सावरली, पाणी दिल्याबद्दल आभार मानले आणि ती जिना उतरून गेली.